मोटारसायकलीचे जोडसामान : किंमत आणि उपयोग

मुंबईसह भारतातील अनेक शहरांत गेल्या काही वर्षांत वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविल्याचे प्रसंग घडले आहेत. असा सायलेन्सर बाजारात एक-दोन हजार रुपयांपासून मिळतो. परदेशी बनावटीचा आणि टायटॅनियमचा संपूर्ण संच घ्यावयाचा झाल्यास किंमत लाखाच्या घरात जाते. ज्यांनी तो विकत घेतला त्यांच्या दृष्टीने तो पैशाचे पुरेपूर मोल देणारा होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तो आक्षेपार्ह होता. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने त्याची योग्यता काय, हा तिसरा प्रश्न मात्र या वादात सहसा कोणी उपस्थित करीत नाही. वास्तविक ग्राहकाच्या हिताचा प्रश्न तोच होय.

पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोलबागेत मोटारसायकलीच्या जोडसामानाची जी दुकाने आहेत, त्यांत सायलेन्सर, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकच्या नळ्या, क्रॅशगार्ड, दिवे, हेल्मेटे, जाकिटे अशा परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या वस्तू एकाच छपराखाली मांडलेल्या असतात. या सर्वांविषयी 'महाग वस्तू घेणे परवडते काय' असा एकच सरसकट प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर देता येणार नाही. ते देण्यासाठी कारखान्यातून बाहेर पडणारी मोटारसायकल मुळात कशी घडविलेली असते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

कोणतेही यंत्र ही तडजोडींची मालिका असते. परंतु या तडजोडी एकाच जातीच्या नसतात. काही तडजोडी निर्मात्याने केवळ खर्च वाचविण्यासाठी केलेल्या असतात. अधिक चांगला भाग बनविणे त्याला ठाऊक असते, पण तो बसविला तर वाहनाची किंमत वाढते आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. अशी उणीव पैसा खर्च करून नंतर भरून काढता येते. दुसऱ्या जातीच्या तडजोडी निसर्गनियमांनीच लादलेल्या असतात. तेथे एक गुण वाढविला की दुसरा घटतो. आणि कितीही मोल मोजले तरी दोन्ही एकाच वेळी हाती लागत नाहीत. ग्राहकाची फसगत होते ती बहुधा या दुसऱ्या जातीच्या तडजोडीला पहिल्या जातीची समजल्यामुळे.

सायलेन्सर हे याचे उत्तम उदाहरण आहे. मूळचा सायलेन्सर इंजिनाचा 'गळा दाबतो' आणि तो बदलला की इंजिन मोकळा श्वास घेते, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. तिच्यात सत्याचा अंश आहे, पण तो थोडाच. चार फेऱ्यांच्या इंजिनात निकासाची झडप उघडते त्या क्षणी तप्त वायूचा एक दाबतरंग नळीतून पुढे सरकतो. नळीचा छेद जेथे एकाएकी रुंदावतो तेथे त्या तरंगाचा काही भाग विरळ दाबाच्या रूपाने परत फिरतो. आत घेणारी आणि बाहेर टाकणारी अशा दोन्ही झडपा क्षणभर एकत्र उघड्या असताना हा परतीचा तरंग झडपेपाशी पोचला, तर उरलासुरला वायू ओढला जातो आणि ताजे मिश्रण अधिक भरते. तो तरंग वेळेवर पोचतो की नाही हे नळीची लांबी आणि इंजिनाचे फेरे यांवर अवलंबून असते. म्हणजेच एका विशिष्ट गतीला साधलेला लाभ दुसऱ्या गतीला हानी ठरू शकतो. निर्माता रोजच्या वापरातील मधल्या गतीला अनुकूल अशी नळी निवडतो, शर्यतीसाठी बनविलेली नळी उच्च गतीला अनुकूल असते. शहराच्या रहदारीत वाहन चालविणाऱ्याने शर्यतीची नळी घेतली, तर ज्या गतीला त्याचे इंजिन क्वचितच पोचते तेथील लाभासाठी तो नित्याच्या गतीतील जोर गमावून बसतो.

त्यात आणखी एक भर पडली आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर दुचाकी वाहनांत इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे आले आणि निकासनळीत प्राणवायू मोजणारा संवेदक बसला. सामान्य गतीत हा संगणक संवेदकाचे वाचन पाहून हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण सुमारे १४.७ ला १ असे राखतो. नळीचे केवळ टोक बदलल्याने या प्रमाणात फरक पडत नाही. संगणक तो पुसून टाकतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मात्र तो आपल्या स्मृतीतील तक्त्यानुसार चालतो, आणि तो तक्ता मूळच्या नळीसाठी आखलेला असतो. तेव्हा नळीच्या किमतीवर तक्ता बदलण्याचा खर्च चढतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकला तर धुराचे प्रदूषण वाढते, ते निराळेच.

एवढे करून पदरात काय पडते, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. रॉयल एनफिल्डच्या 'क्लासिक ३५०' या वाहनाचे २०२१ साली आलेले इंजिन २०.२ अश्वशक्तीचे आणि वाहनाचे वजन १९५ किलो आहे. नव्या नळीने एक पूर्ण अश्वशक्ती वाढली असे उदारपणे गृहीत धरले, तर वाढ शेकडा ५ होते. परंतु वेगवान वाहनाची शक्ती मुख्यतः हवेचा विरोध तोडण्यात खर्च होते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शक्ती शेकडा ५ ने वाढली तरी कमाल वेग शेकडा १.६ नेच वाढतो. ताशी ११५ किलोमीटरचे वाहन ताशी ११७ किलोमीटरच्या आत राहते. वजनाची गोष्टही तशीच. पोलादापेक्षा टायटॅनियमची घनता सुमारे शेकडा ४० ने कमी असते हे खरे, आणि त्यायोगे चार किलो वाचले असे मानू. ७५ किलोच्या स्वारासह एकूण भार २७० किलो होतो. त्यातील चार किलो म्हणजे दीड टक्का. सायकलच्या शर्यतीत किंवा मोटारसायकलीच्या शर्यतपट्टीवर दीड टक्का ही मोठी गोष्ट असेल. कात्रजच्या घाटात तिचे मोल एक वेळचे जेवण लांबणीवर टाकण्याइतकेच आहे.

मग लोक तो विकत का घेतात? आवाजासाठी. हे उत्तर हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली प्रदर्शनार्थ उपभोगाची कल्पना मांडली तेव्हापासून, वस्तूचे मोल तिच्या यांत्रिक कार्यापुरते मर्यादित नसते हे अर्थशास्त्राने मान्य केले आहे. आवाजाने स्वाराला आनंद होत असेल तर तो आनंद हीदेखील उपयुक्तताच होय. अडचण एवढीच की त्या आनंदाची किंमत केवळ विकत घेणारा देत नाही. १७५ घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकीसाठी निर्मितीच्या वेळची ध्वनिमर्यादा ८० डेसिबल आहे. डेसिबलचे मापन लॉगरिदमचे असल्यामुळे ९० डेसिबल म्हणजे ध्वनीची दहापट तीव्रता. रात्री एका स्वाराने गल्लीतून नेलेल्या या आवाजाचे बिल गल्लीतील प्रत्येक घर भरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली वाहनाच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये अनुज्ञा नसलेल्या प्रत्येक फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. किमतीचा विचार करताना ही रक्कमही जमेस धरावी लागते.

शॉक ॲब्सॉर्बरची हकीकत याच्या अगदी उलट आहे, आणि ती अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे. रस्त्यावरील धक्का स्प्रिंग शोषून घेते. पण शोषलेली ऊर्जा ती परतही करते, आणि तिला आवर घातला नाही तर वाहन झोके घेत राहते. हा आवर नळीतील तेल घालते. दट्ट्याच्या हालचालीबरोबर तेल अरुंद छिद्रांतून ढकलले जाते आणि झोक्याची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. स्वस्त बनावटीत ही छिद्रे ठराविक मापाची असतात. ठराविक छिद्रातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यामुळे संथ हालचालीत, उदाहरणार्थ वळणावर वाहन कलताना, हा विरोध अपुरा पडतो. आणि खड्ड्याच्या तीक्ष्ण धक्क्याला तो इतका वाढतो की धक्का थेट स्वाराच्या पाठीच्या कण्यापर्यंत जातो. महाग बनावटीत छिद्रांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत बसविलेली असते. दाब वाढला की चकत्या वाकून वाट मोठी करतात आणि विरोध वेगाच्या प्रमाणातच, जवळजवळ सरळ रेषेत, वाढतो. यातील दुसरा भेद उष्णतेचा. खराब रस्त्यावर दीर्घकाळ चालल्यावर तेल तापते, पातळ होते आणि त्यात फेस होऊ लागतो. फेसाळलेले तेल आवर घालू शकत नाही. म्हणून चांगल्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये नायट्रोजन वायू दाबाखाली निराळ्या कप्प्यात भरून तेल सतत दाबलेले ठेवतात. स्वीडनमध्ये केंट ओलिन याने १९७६ साली स्थापन केलेल्या कंपनीचा लौकिक अशाच कामावर उभा राहिला. येथील तडजोड निव्वळ खर्चाची आहे. चकत्यांची चळत बसविल्याने दुसरा कोणताही गुण घटत नाही, आणि म्हणून येथे दिलेला पैसा परत मिळतो.

परंतु येथेच तडजोडीचा एक तिसरा प्रकारही दृष्टीस पडतो. निर्मात्याला ग्राहक कोण हे माहीत नसते. पंचावन्न किलोची विद्यार्थिनी आणि पाठीमागे पत्नी, मध्ये मूल व पुढे पिशवी घेऊन निघालेला नव्वद किलोचा गृहस्थ या दोघांसाठी तो एकच स्प्रिंग बसवितो. स्प्रिंग भाराशी जुळत नसेल तर महागडा शॉक ॲब्सॉर्बरही आपले काम करू शकत नाही; आणि जुळती स्प्रिंग ही तुलनेने स्वस्त वस्तू आहे. कित्येक वाहनांत तर स्प्रिंगचा प्रारंभिक ताण बदलण्याची सोय मूळचीच असते आणि त्यासाठी लागणारा पाना वाहनाच्या हत्यारांच्या पिशवीत दिलेला असतो. तो पाना कधीही न वापरता मालक पंचवीस हजारांचा शॉक ॲब्सॉर्बर चढवितो, आणि तोही कारखान्याने ठेवलेल्याच ताणावर चालवितो, असे पुष्कळदा घडते.

ब्रेकच्या बाबतीत भ्रम थोडा निराळ्या स्वरूपाचा आहे. रबरी नळीऐवजी पोलादी जाळीने मढविलेली नळी घातली की ब्रेक 'जोरात लागतो' असे सांगण्यात येते. रबरी नळी दाबाखाली किंचित फुगते, जाळीची फुगत नाही. त्यामुळे बोटांना ब्रेकची पकड अधिक नेमकी जाणवते, आणि हा लाभ खरा आहे. पण वाहन थांबविते ते ब्रेक नव्हे, तर टायर. चाक थांबवून धरण्याइतका जोर सुस्थितीतील कोणत्याही डिस्क ब्रेकमध्ये असतो, आणि भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस अनिवार्य झाल्यावर चाक अडकण्याचा धोकाही बराच कमी झाला आहे. त्यापुढील मर्यादा टायर आणि रस्ता यांमधील घर्षणाची. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ०.८ घर्षणांक असता सुमारे १७.७ मीटरांत थांबते; घर्षणांक ०.६ असेल तर २३.६ मीटर लागतात. अंतरातील फरक सहा मीटरांचाच दिसतो. पण पहिले वाहन ज्या जागी उभे राहिले त्याच जागी दुसऱ्या वाहनाचा वेग अजून ताशी ३० किलोमीटर असतो. तेथे एखादे मूल उभे असेल तर या दोन आकड्यांमधील अंतर जीवनमरणाचे आहे. असे असूनही टायर ही वस्तू जोडसामानात मोडत नाही, आणि झिजेपर्यंत नव्हे तर पार गुळगुळीत होईपर्यंत ती वापरली जाते. चांगल्या टायरांची जोडी नामांकित सायलेन्सरच्या एका अंशात येते. नवा टायर घेतानाही त्याच्या कडेवरील चार आकडे वाचून घ्यावेत. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून कडक झालेला टायर न वापरताच जुना झालेला असतो.

क्रॅशगार्डविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजलिस परिसरातील ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला आणि १९८१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की क्रॅशगार्डमुळे घोटा व पाऊल यांच्या दुखापती कमी होतात. पण मांडी, गुडघा आणि नडगी यांच्या दुखापती तेवढ्याच वाढतात. तेव्हा उभे वाहन कलंडले असता टाकी व हँडल वाचविणारी वस्तू म्हणून तो घ्यावा, पाय वाचविणारी म्हणून नव्हे. याउलट मागच्या चाकात वस्त्र अडकू नये म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२३ ने आवश्यक ठरविलेला साडीगार्ड मोटारसायकल दिसायला बेढब होते म्हणून सर्वांत आधी काढून टाकला जातो, हे सौंदर्यदृष्टीचे एक विलक्षण उदाहरण म्हणावे लागेल.

आता हेल्मेटाकडे वळले पाहिजे, कारण प्राणाशी निगडित असलेला खर्च तो हाच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी शेकडा ४४.५ दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. या आकड्यांपुढे 'हेल्मेट कोणते' हा प्रश्न 'हेल्मेट आहे की नाही' या प्रश्नानंतरच येतो. तथापि तो येतोच.

हेल्मेटाच्या किमतीचा आणि संरक्षणाचा संबंध प्रारंभी अत्यंत घनिष्ठ असतो. रस्त्याच्या कडेला चादरीवर मांडलेली, आत फोमचा पत्ताच नसलेली टोपी आणि आयएस ४१५१ या मानकाची कसोटी उतरलेले हेल्मेट यांच्या किमतीत काही शेकडा रुपयांचाच फरक असतो; पण तेवढ्या शेकड्यांत जितके संरक्षण विकत मिळते तितके पुढच्या कोणत्याही हजारांत मिळत नाही. जून २०२१ पासून भारतात हे मानक चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनविणे व विकणे बेकायदेशीर आहे. मानक ओलांडल्यावर मात्र हा संबंध सैल होतो. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने २००७ साली 'शार्प' ही योजना सुरू केली. ती हेल्मेटे विकत घेऊन निरनिराळ्या वेगांनी आपटते आणि एक ते पाच तारे देते. तिच्या यादीत साध्या किमतीच्या हेल्मेटांना पाच तारे आणि त्यांच्या कित्येक पट महाग, नामांकित हेल्मेटांना तीन तारे मिळाल्याची उदाहरणे आहेत.

असे का व्हावे? अमेरिकेतील 'मोटारसायकलिस्ट' या मासिकाने २००५ साली केलेल्या चाचण्यांनी त्याचे एक कारण उघड केले. शर्यतीच्या दर्जाचे समजले जाणारे स्नेल मानक त्या काळी एकाच जागी दोनदा बसणाऱ्या अतिशय कठोर आघाताची कसोटी घेत असे. ती उतरण्यासाठी आतील फोम टणक ठेवावा लागे. टणक फोम प्रचंड आघातात टिकतो, पण साधारण आघातात तो दबत नाही आणि धक्का मेंदूकडे जाऊ देतो. त्या चाचण्यांत सामान्य सरकारी मानकाचे एक स्वस्त हेल्मेट डोक्याला सर्वांत सौम्य धक्का पोचविणारे ठरले. ही पुन्हा दुसऱ्या जातीचीच तडजोड आहे. फोम किती टणक असावा याचे उत्तर अपघात किती वेगाचा होणार यावर अवलंबून असते, आणि ते आधी कोणालाच ठाऊक नसते. स्नेल संस्थेने २०१० च्या आवृत्तीत आपले मानक बदलले. युरोपीय मानकाच्या २२.०६ या आवृत्तीत कमी आणि अधिक अशा दोन्ही वेगांचे तसेच तिरकस आघातही तपासले जातात. दोन घनतांचा फोम वापरून निर्माते ही कोंडी काही अंशी फोडतात, आणि तेथे थोडा अधिक खर्च सार्थ होतो.

महाग हेल्मेटाचा उरलेला पैसा वजन, वायुवीजन, काचेचा स्वच्छपणा आणि आवाज यांवर जातो. हे गुण क्षुल्लक नव्हेत. ताशी १०० किलोमीटर वेगाला हेल्मेटाच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलांच्या वर जातो, आणि रोज दोन तास महामार्गावर घालविणाऱ्याच्या कानांना त्याची झळ पोचते. मे महिन्यात विदर्भात हवा न खेळणारे हेल्मेट डोक्यावरून उतरून आरशाला लटकते, आणि आरशाला लटकलेल्या हेल्मेटाला किती तारे आहेत याला अर्थ उरत नाही. पण सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे ते डोक्याला नेमके बसणे. आणि त्यासाठी पैसा नव्हे, तर दुकानात पंधरा मिनिटे ते घालून उभे राहण्याची चिकाटी लागते.

जाकिटांची स्थिती हेल्मेटांहून अधिक अनिश्चित आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरातील २१२ अपघातग्रस्त स्वारांच्या अभ्यासात, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, संरक्षक कपडे घालणाऱ्यांच्या दुखापती कमी होत्या. परंतु त्याच वेळी जाकिटांपैकी जवळजवळ शेकडा ३० अपघातात फाटून निकामी झाली होती. पुढे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी मिळून 'मोटोकॅप' ही कपड्यांना तारे देणारी योजना सुरू केली, तेव्हा तिच्याही यादीत किंमत आणि तारे यांची जोडी अनेकदा फुटलेली दिसली. भारतीय ग्राहकाला दुकानात निदान एक गोष्ट तपासता येते. कोपर, खांदा व पाठ यांवरील पट्ट्यांवर ईएन १६२१ हे चिन्ह आणि त्यापुढे १ किंवा २ ही पातळी छापलेली असते. पाठीच्या पट्टीची पहिली पातळी सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंतचे बल पलीकडे जाऊ देते, दुसरी ९ पर्यंतच. कित्येक महाग जाकिटांच्या पाठीच्या खिशात कसोटी न झालेल्या मऊ स्पंजाचा तुकडा घातलेला असतो. तो काढून टाकून दुसऱ्या पातळीची पट्टी स्वतंत्रपणे विकत घेता येते. मात्र जाकीट अंगावर इतके घट्ट बसले पाहिजे की पडताना पट्टी आपल्या जागेवरून सरकणार नाही.